बेसचा फेडर

एका बँडच्या अल्बमच्या मिक्सिंगचा, म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं एकत्र बसवण्याचा, सहावा दिवस. गिटारवादक सकाळपासून माझ्या खुर्चीमागे उभा. "दादा, गिटार अजून जड वाटायला हव्यात. गेन वाढवा, बेस थोडा खाली घ्या." गेन म्हणजे अँपमधला जोर, ज्यानं आवाज भरदार आणि खरखरीत होतो. बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवणारा मागे सोफ्यावर गप्प बसलेला.

मला राहून राहून मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा १९८८ सालचा '...अँड जस्टिस फॉर ऑल' आठवत होता. आधीचा बेसवादक क्लिफ बर्टन याच्या मृत्यूनंतर आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बँडबरोबरचा तो पहिला पूर्ण अल्बम. त्यात त्याचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. चाहते अजून हळहळतात. आपल्या हातून तसं होऊ नये, एवढंच मनात होतं.

मी गिटारवादकाला डोळे मिटायला सांगितलं. रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, लावला आणि मध्येच बेस म्यूट केला.

"अहो, गिटार बारीक का केल्या?"

"गिटारला मी हातही लावलेला नाही."

त्यानं डोळे उघडून स्क्रीनकडे पाहिलं. खालची तार 'सी'पर्यंत उतरवली की गिटारचा मूळ स्वर साधारण ६५ हर्ट्झवर येतो, आणि मिक्समध्ये तो भाग आपण बराचसा कापतोच. त्याच्याही खाली, ३३च्या आसपास, बेस असतो. छातीत जाणवतं ते वजन बहुतांशी त्याचं आणि किकचं, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचं.

मग उलटं काम सुरू झालं. गिटारचे चार ट्रॅक होते, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. चारही गेननं इतके भरलेले, की पिकचा घाव गोंगाटात बुडत होता. नशिबानं अँपशिवायचा कोरा सिग्नलही रेकॉर्ड करून ठेवला होता. तो कमी गेनवर पुन्हा अँपमधून काढला. यावर तासभर वाद झाला, पण ऐकल्यावर मिटला. बेसचे दोन भाग केले: तळाचा स्वच्छ, वरचा डिस्टॉर्शनमधून खरखरीत केलेला. बेसवाला पहिल्यांदाच सोफ्यावरून उठून माझ्या शेजारी येऊन बसला.

अल्बम आला. काहींना आवाज लहान वाटला. मास्टरिंगमध्ये, म्हणजे अल्बमच्या शेवटच्या टप्प्यात, आम्ही तो मुद्दाम फार दाबून मोठा केला नव्हता, आणि तो निर्णय मी आजही बदलणार नाही. एका परीक्षणात दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीच्या 'गिटारच्या गुरगुरण्या'चं भरभरून कौतुक होतं. बेसचं नावही नव्हतं. मला वाईट वाटलं, म्हणून बेसवाल्याला फोन केला.

त्यानं ते आधीच वाचलं होतं. आवाजातून आनंद नुसता सांडत होता. "दादा, तिथे तर मी एकटाच वाजवतोय. गिटार चार मात्रांनंतर येतात!"