सिंहाच्या पंजापाशी पाऊण तास

श्रीलंकेच्या आमच्या सहलीत सिगिरियाला सकाळचे तीन तास दिलेले असतात. कँडीचं दंतमंदिर, नुवारा एलियाजवळचं सीताअम्मन मंदिर, एल्लाचा नऊ कमानींचा पूल, गालचा किल्ला हे सगळं म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही झेपतं. सिगिरिया झेपत नाही, आणि नेमकं तेच प्रत्येकाला करायचं असतं. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर फोटो त्याचाच असतो ना!

सपाट जंगलातून एकदम 180 मीटर वर उठलेला कातळ. पायऱ्या बाराशेच्या आसपास. टूर मॅनेजर म्हणून तिथं माझं खरं काम एकच, कोणाला कुठं थांबवायचं ते ठरवणं. गुडघेवाले खाली बागेत, दमवाले भित्तिचित्रांपर्यंत, धडधाकट मंडळी वर. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात साठीच्या माणसाला "काका, तुम्ही इथंच बसा" म्हणून बघा!

त्या दिवशी फेब्रुवारीतली कोरडी सकाळ होती. ग्रुपमध्ये पुणे, नाशिक, सातारा, चिपळूण अशी सरमिसळ. तिकीटखिडकीवर सार्क देशांची सवलत मिळते, पण पासपोर्ट दाखवावा लागतो आणि दोघातिघांचे पासपोर्ट हमखास बसमधल्या मोठ्या बॅगेत असतात. तेवढा उशीर मी धरूनच चालते.

आत शिरल्यावर पाण्याच्या बागा लागतात. माझ्या मते सिगिरियातलं सगळ्यात अजब काम ते हेच. पाचव्या शतकातली कारंजी आहेत. दगडी चकत्यांना भोकं पाडलेली, जमिनीखालून पाण्याच्या वाटा, सगळा खेळ पाण्याच्या दाबाचा. चांगला पाऊस झाला की ती आजही उडतात. आमची माणसं मात्र त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता कातळाकडे निघतात. ऑफिसला मी कितीदा सांगितलंय की इथला वेळ वाढवा. उत्तर ठरलेलं, "लोकांना वर जायचं असतं."

भित्तिचित्रांपर्यंत लोखंडी गोल जिना आहे. फोटोला सक्त मनाई. ढगांतून कमरेपर्यंत वर आलेल्या, हातात फुलं घेतलेल्या त्या स्त्रिया बघून पुढं आरसे भिंतीशी आलो. एके काळी या भिंतीच्या गिलाव्यात माणसाचं प्रतिबिंब दिसे म्हणतात. पुढच्या शतकांत येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याच चित्रांतल्या बायकांवर कविता कोरून ठेवल्या. परणवितान या पुरातत्त्वज्ञांनी त्यातल्या 685 वाचून छापल्या. आता मात्र बोट लावायचीही सोय नाही. 2015 मध्ये एका तरुणीनं भिंतीवर नाव कोरलं म्हणून तिला दोन वर्षांची कैद झाली होती. पुढं राष्ट्रपतींनी माफी दिली. आमच्या गाइडनं हे सांगितल्यावर साताऱ्याचे सर म्हणाले, "आपल्याकडं हा कायदा लावला तर अर्धा जिल्हा आत जाईल." सर निवृत्त शिक्षक, दर रविवारी गडावर. त्यांना कुठं थांबवायचा प्रश्नच नव्हता.

मग सिंहाचा चौथरा. कधीकाळी इथून सिंहाच्या तोंडातून वर जाण्याची वाट होती. आता विटांचे दोन पंजे तेवढे उरलेत, पण एकेक नखच माणसाएवढं. इथून पुढं लोखंडी जिना थेट माथ्यावर. चौथऱ्यावर पाटी आहे, शांतता पाळा, माश्या उठू शकतात. शेजारी बारीक जाळीची खोली आहे. लोकांना वाटतं माकडांसाठी असेल. वर कड्याच्या पोटाला काळी अर्धवर्तुळं लटकलेली असतात, ती आग्या मोहोळं. लांबून डागासारखी दिसतात. नीट बघितलं तर त्यांच्यावरून एक झळाळी सरकताना दिसते. हजारो माश्या एकामागोमाग पोट उचलतात त्याची ती लाट.

सर आणि पाचसहा तरुण मंडळी वर निघून गेली होती. उरलेले आम्ही चौथऱ्यावर पाणी पीत होतो. नाशिकच्या काकांचं माझ्याशी भांडण चालू होतं, कारण त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मला माहीत होत्या आणि मी त्यांना जिन्याकडं जाऊ देत नव्हते. तेवढ्यात तिथला पहारेकरी ओरडला. गाइडनं वर पाहिलं, आग्या माश्यांसाठीचा एकच सिंहली शब्द बोलला, "बंबरा!" आणि दिसेल त्याला जाळीकडं ढकलायला लागला.

कशानं उठल्या ते कोणालाच कळलं नाही. मोहोळावर पक्षी झडप घालतो, वारा फिरतो, कोणी मोठ्यानं हाका मारतं, काहीही पुरतं. आवाज आधी आला, माश्या नंतर दिसल्या. मी माणसं मोजत आत घेत होते. चिपळूणच्या वहिनी पंजाच्या पलीकडं सावलीत बसल्या होत्या, त्या शेवटी पोचल्या. तोवर दोनचार माश्या त्यांच्या केसांत अडकल्या होत्या आणि त्या दोन्ही हातांनी झटकत होत्या. गाइडनं त्यांच्या डोक्यावर ओढणी टाकली आणि हात धरून आत ओढलं. मागं दार ओढून घेतलं.

मानेवर, कानाच्या पाळीवर, मनगटावर मिळून सातआठ काटे होते. काटा माशीपासून सुटला तरी त्याच्या टोकाची इवली पिशवी धडधडत राहते, विष आत ढकलत राहते. चिमटीत धरून उपटत बसलं की वेळ जातो आणि पिशवी पिळली जायची भीती. खिशात हॉटेलच्या खोलीचं किल्लीकार्ड होतं, त्याच्या कडेनं भराभर खरवडून काढले. जखमेला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. तो वास म्हणजे बाकीच्या माश्यांना आवतण, म्हणून ओल्या रुमालानं पुसून काढलं. मग दर दोन मिनिटांनी तेच प्रश्न. घसा आवळतोय का? ओठ जड वाटतायत? अंगावर गांधी उठतायत? सहलीआधी भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये ॲलर्जीच्या रकान्यात त्यांनी "नाही" लिहिलं होतं, पण आग्या माशी आयुष्यात कधी चावली होती कोणाला?

सरांचा फोन लागला. "आम्ही माथ्यावर टाक्यापाशी बसलोय. पोरांना खाली बसवलंय, कोणी हलत नाही. तुम्ही सांगेपर्यंत जिन्याला पाय लावत नाही." दिवसभरातलं सगळ्यात समाधानकारक वाक्य तेच.

जाळीत आम्ही पंचवीसेक माणसं. आमचे लोक, एक जर्मन जोडपं, शाळेच्या सहलीतून सुटलेली चार सिंहली पोरं. बाहेर जाळीवर माश्या आपटत होत्या. कोणीतरी रामरक्षा सुरू केली, गाइडनं ओठांवर बोट ठेवलं. मग त्यानं स्वतःच कुजबुजत्या इंग्रजीत कश्यपाची गोष्ट चालू केली आणि मी ती मराठीत पुढं सरकवत राहिले.

धातुसेन राजानं कलावेव नावाचा प्रचंड तलाव बांधला. मुलगा कश्यप याने त्याला कैद केलं आणि खजिना मागितला. राजा म्हणाला, तलावावर न्या, दाखवतो. तिथं ओंजळीत पाणी घेऊन म्हणाला, माझी संपत्ती ती एवढीच. कश्यपानं त्याला ठार करवलं. गादीचा खरा वारस मोग्गलान भारतात पळाला. तो सैन्य घेऊन परत येणार या धास्तीनं कश्यपानं राजधानी या कातळावर आणली. 477 ते 495, अठरा वर्षं राज्य केलं. मोग्गलान आलाच. कश्यप लढायला खाली मैदानात उतरला, दलदल टाळायला त्याचा हत्ती वळला, सैन्याला वाटलं राजा माघार घेतोय, ते पांगलं. कश्यपानं स्वतःच्या हातानं गळा कापून घेतला.

"पण एवढा गड बांधून हा खाली कशाला उतरला?" नाशिकच्या काकूंनी विचारलं. गाइडला प्रश्न सांगितला. तो म्हणाला, आम्हीपण शाळेत हेच विचारतो. सुजलेला कान धरून वहिनी हसल्या, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

पाऊण तासानं आवाज ओसरला. पहारेकऱ्यानं पाचपाचच्या तुकड्या करून खाली सोडलं. बोलायचं नाही, पळायचं नाही. वरची मंडळी आणखी अर्ध्या तासानं आली, एकालाही माशी शिवली नव्हती. वहिनींना घेऊन मी दांबुल्लाच्या सरकारी रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तासभर नजरेखाली बसवलं, मग सोडलं. तोवर बाकीचे गाइडबरोबर दांबुल्लाची लेणी बघून आले. पाच गुहांत बुद्धाच्या दीडशेवर मूर्ती, पण संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लेण्यांबद्दल एक अक्षर नाही. सगळं माश्यांचंच.

काका तेवढे गप्प होते. परतीच्या विमानात मी अभिप्रायाचे फॉर्म वाटले. हॉटेल उत्तम, जेवण उत्तम, टूर मॅनेजर उत्तम, असं सगळीकडं बरोबरच्या खुणा. सिगिरियापुढं त्यांनी लिहिलं होतं: "माथा दाखवला नाही. मधमाश्यांची पूर्वव्यवस्था कंपनीने करावयास हवी होती. तिकिटाची निम्मी रक्कम परत मिळावी."

वहिनींनी त्याच रकान्यात कारंज्यांसाठी जास्त वेळ द्या असं लिहिलं होतं. दोन्ही फॉर्म मी ऑफिसात जमा केले. काकांना पैसे मिळाले.