मेलबर्नला टेनिस बघायला जाताय? ग्राउंड पास घ्या

फायनलच्या तिकिटाचा मोह सोडा. ऑस्ट्रेलियन ओपन बघायची तर पहिल्या आठवड्यात जा आणि ग्राउंड पास, म्हणजे बाहेरच्या कोर्टांवर कुठेही बसू देणारं तिकीट, काढा, असं माझं स्पष्ट मत आहे. रॉड लेव्हर अरीना या मुख्य स्टेडियमात वरच्या रांगेतून जोकोविच मुंगीएवढा दिसतो आणि आपण शेवटी पडद्याकडेच बघत बसतो. त्यापेक्षा घरचा टीव्ही काय वाईट?

बाहेरच्या कोर्टांवर लवकर पोचलात तर थेट पुढच्या बाकांवर बसता येतं. बुटांचा कर्रकन आवाज, फटका मारतानाचा हुंकार, सगळं कानाशी. दुहेरी तर चुकवूच नका. नेटजवळचा खेळाडू पाठीमागे हात नेऊन सर्व्ह करणाऱ्या जोडीदाराला बोटांनी खूण करतो. बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या, मागे बसलं की ती आपल्यालाही दिसते, समोरच्या जोडीला मात्र नाही. दोन-चार गेम नीट बघितले की नेटजवळचा तो खेळाडू चेंडू अडवायला कधी आडवा पळणार याचा अंदाज यायला लागतो. रोहन बोपण्णाने 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनबरोबर इथेच विजेतेपद मिळवलं, वयाच्या 43व्या वर्षी! तरी आपली मंडळी दुहेरी लागली की चहाला उठतात.

बालेवाडीला महाराष्ट्र ओपन व्हायची ती फक्त पुरुषांची. मेलबर्नला एकाच पासवर एका कोर्टावर स्त्रियांचा सामना, पलीकडे पुरुषांचा. सरावाची कोर्टंही बघून घ्या. दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रक आदल्या दिवशी लागतं, ते बघून रात्रीच कोर्टं ठरवा. सकाळी गेटवर विचार करत उभं राहण्यात अर्थ नाही.

फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनवरून यारा नदीच्या कडेने चालत गेलं तर स्पर्धेच्या ठिकाणी पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाय दुखत असतील तर 70 नंबरची ट्राम आहे.

उन्हाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. जानेवारी म्हणजे तिथला ऐन उन्हाळा. पारा कधीकधी चाळिशीला टेकतो आणि दक्षिणेचा गार वारा सुटला की तासाभरात धाडकन खाली येतो. त्यामुळे टोपी, सनस्क्रीन आणि पातळ जॅकेट तिन्ही पिशवीत हवं. पाण्याची बाटली काचेची नको.

रात्रीच्या सत्राचं तिकीट काढलंत तर परतीची सोय आधी बघा. 2023 मध्ये मरे आणि कोकिनाकिस यांचा सामना पहाटे चार वाजून गेल्यावर संपला होता.

आणि हो, चिवडा-लाडू नेणार असाल तर विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाद्यपदार्थ असल्याचं न विसरता लिहा. लपवलेलं सापडलं तर जबर दंड बसतो. जाहीर केलं तर फार फार तर तपासतील, नाहीतर काढून घेतील. दुधाचे पदार्थ आणि घरचं तूप घरीच ठेवा.