समरी कोर्ट मार्शल आणि सीओ साहेबांची खुर्ची

कोर्ट मार्शल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सिनेमा येतो. लांबलचक टेबल, ओळीने बसलेले अधिकारी, वकिलांची जुगलबंदी. जवानाच्या वाट्याला सहसा येतं ते समरी कोर्ट मार्शल, म्हणजे झटपट चालणारं कोर्ट मार्शल, आणि त्यात कोर्ट म्हणजे एकटे कमांडिंग ऑफिसर, म्हणजे युनिटचे प्रमुख, सीओ. आर्मी अ‍ॅक्ट 1950 चं कलम 116 तसं स्पष्ट सांगतं.

सोबत दोघं जण बसतात, अधिकारी किंवा जेसीओ, म्हणजे सुभेदारासारखे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर. सुभेदार असताना मीही बसलोय. आम्हाला ना शपथ, ना मत. सरळ बसायचं, ऐकायचं, एवढंच काम.

आरोपीला मार्च करत आणतात, डोक्यावर टोपी नाही, कमरेला बेल्ट नाही. सीओ साहेब स्वतः शपथ घेतात. आरोपीच्या मदतीला एक ‘फ्रेंड’ असतो, पण त्याने फक्त कानाशी सल्ला द्यायचा; साक्षीदाराला एकही प्रश्न विचारायचा नाही. बरं, ज्या साहेबांनी आधी आरोप ऐकला, पुरावे नोंदवायला लावले, कोर्ट भरवायचं ठरवलं, तेच आता न्यायाधीश. युनिटची शिस्त सांभाळायची जबाबदारीही त्यांचीच.

चांगले साहेब असतील तर हे सगळं निभावतं. सुट्टीवरून उशिरा आलेल्या एका पोराने विचारायच्या आधीच ‘जी साब, कबूल है’ म्हणून टाकलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि समजावलं, कबूल केलंस तर साक्षीदार येणार नाहीत, थेट शिक्षेवर जाऊ, कळलं का? पोरगं गडबडलं. आई दवाखान्यात होती, तार केली होती, असं अडखळत बोलायला लागलं. साहेबांनी कबुली खोडून ‘नॉट गिल्टी’ लिहिलं आणि साक्षी घेतल्या. नियमात हे आहेच, पण करणारे थोडे. दुसऱ्या एका साहेबांच्या कोर्टात चहा गार व्हायच्या आत निकाल लागलेला मी पाहिलाय.

आणि निकाल काही साधासुधा नसतो. लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या हुद्द्याचा सीओ एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, खालच्या हुद्द्याचा तीन महिने. नोकरीतून डिसमिसही करू शकतो. वरच्यांच्या मंजुरीची वाट सहसा पाहावी लागत नाही, अंमल लगेच. कागद नंतर वर जातात तेव्हा माणूस कोठडीत असतो.

रणजित ठाकूर नावाच्या सिग्नलमनचं, म्हणजे सिग्नल्सच्या जवानाचं, प्रकरण आमच्या पिढीच्या हेडक्लार्कांना पाठ होतं. त्याने साहेबांविरुद्ध थेट वर तक्रार पाठवली म्हणून 28 दिवसांची सक्तमजुरी. ती भोगताना हुकूम देऊनही जेवला नाही, म्हणून समरी कोर्ट मार्शल, आणि त्या कोर्टात तेच साहेब. एक वर्ष कैद, वर डिसमिस. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळं रद्द केलं: पक्षपाताची रास्त भीती होती, आणि न जेवण्याला ही शिक्षा फारच झाली. 2016 मध्ये त्याच न्यायालयाने आणखी सांगितलं की समरी कोर्ट हा अपवाद आहे, तातडी का होती ते दिसलं पाहिजे. पोस्टिंगवर कितीजणांनी ते वाचलं असेल, देव जाणे.

2009 पासून सैनिकांना दाद मागायला सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू आहे, पण समरी कोर्टाविरुद्ध तिथे जायचं तर शिक्षा डिसमिसची किंवा तीन महिन्यांहून जास्त कैदेची हवी.

सीओंचे सगळे अधिकार काढून घ्या, असं मी म्हणणार नाही. कलम 80 खाली कोर्ट न भरवता देता येणारी 28 दिवसांपर्यंतची शिक्षा त्यांच्याकडेच राहू दे, नाहीतर युनिट चालायचं नाही. पण चौदा वर्षं नोकरी झालेल्या, नाईक हुद्द्याच्या जवानाला डिसमिस केलं की त्याची पेन्शनही जाते. असली केस किमान तीन अधिकाऱ्यांच्या डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलपुढे जावी, आणि ज्यांच्याविरुद्ध त्याने तक्रार केली ते त्यात नसावेत. महिनाभर उशीर झाला तर होऊ दे.