दोघांचा आकडा सारखाच होता

२०१३ साली एकाच आठवड्यात एचआयव्हीची लागण झालेले दोघं आमच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं मिळतात त्या केंद्रात, आले. एक तापीकाठचा केळीवाला, दुसरा कोरडवाहू कापूसवाला. (ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) सीडी-४, म्हणजे हा विषाणू मारतो त्या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा, एकाचा ४७१, दुसऱ्याचा ४८०. तेव्हा साधारणपणे ३५० च्या खाली गेल्यावरच गोळ्या सुरू व्हायच्या. मी समुपदेशक. दोघांनाही म्हटलं, सहा महिन्यांनी परत तपासू.

केळीवाला नेमाने यायचा. कापूसवाला वेचणीत अडकला, आला नाही. आकडा चांगला होता म्हणून मीही फोन लावून धरला नाही. ते आजही सलतं.

सोळा महिन्यांनी तो भावाच्या खांद्याला धरून आत आला. तोंडात पांढरा थर, रोज संध्याकाळी ताप. टीबी निघाला. सीडी-४ ९६. केळीवाला त्याच बाकावर होता, त्याचा ४५५. पहिल्या रिपोर्टची वाट बघताना दोघांची ओळख झालेली. केळीवाला हळूच म्हणाला, "ताई, आमना दोन्हीसना आकडा तं सारखाच व्हता ना?"

मी त्याला विहिरीचं सांगितलं. दोन विहिरी, पाणी सारखंच. एकीवर तीन एचपीची मोटर, दुसरीवर दहाची. दोरी सोडली तर आज पाणी किती ते कळतं, किती दिवस पुरेल ते कळत नाही. सीडी-४ म्हणजे पाणी. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची संख्या, ही मोटर.

लागण झाल्यावर काही महिन्यांत ही संख्या एका पातळीवर टेकते आणि ती पातळी प्रत्येकाची वेगळी. अमेरिकेत मेलर्स आणि सहकाऱ्यांनी सोळाशेच्या वर पुरुषांचे साठवलेले रक्तनमुने तपासून १९९७ साली हे मांडलं होतं: एका मिलिलिटरमागे ३०,००० च्या वर विषाणू असलेल्यांपैकी ८० टक्के सहा वर्षांत एड्सपर्यंत पोचले, ५०० पर्यंत असलेल्यांपैकी जेमतेम ५ टक्के. पण आमच्याकडे तेव्हा नव्या रुग्णाची ही तपासणी होत नव्हती. औषध लागू पडत नाही असा संशय आला तरच व्हायची.

२०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान होताच गोळ्या मिळतात. केळीवाल्याच्याही तेव्हाच सुरू झाल्या. पुढे व्हायरल लोड नेमाने व्हायला लागला तेव्हा दोघांच्याही रिपोर्टवर विषाणू सापडला नाही असंच आलं. मोटर दोन्हीकडची बंद.

कापूसवाल्याची विहीर मात्र पूर्ववत भरली नाही. त्याचा सीडी-४ अजून ३०० च्या आसपासच आहे.