चार टक्के तांबं लागलं होतं, मग थांबलात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. त्या क्लेमचा, म्हणजे खनिज शोधायचा हक्क घेतलेल्या त्या जमिनीचा, विषय निघाला की प्रश्न ठरलेला: "चार टक्के तांबं लागलं होतं ना? मग ड्रिलिंग का थांबवलंत?" सूर असा, की जणू मी लागलेलं लॉटरीचं तिकीट फाडून फेकलं.

आधी त्या चार टक्क्यांचं बघू. लॅबचा आकडा 4.1 होता, खोटा नव्हता. पण तो फक्त 40 सेंटिमीटर कोअरचा, म्हणजे ड्रिलने बाहेर काढलेल्या दगडी दांड्याचा. आमचं भोक त्या शिरेला तिरकं, साधारण 40 अंशांत छेदत होतं, म्हणजे शिरेची खरी जाडी 26 सेंटिमीटरच्या आसपास. जमिनीखाली माणसं-यंत्रं घालून काम करायचं तर निदान दोनेक मीटर रुंदी लागते. बाकीचा फुकटचा दगडही फोडून वर आणायचा. मग तुमचे चार टक्के अर्ध्या टक्क्यावर येतात. अर्ध्या टक्क्यावर प्रचंड उघड्या खाणी चालतात, मान्य. दोनशे मीटर खोलवरची वीतभर शीर चालत नाही.

हे इतक्यांदा सांगितलंय की आता माझ्या तोंडून पाठ केल्यासारखं येतं. आणि हे सांगितलं की त्या रात्रीचं सांगावं लागत नाही.

तिसरं भोक होतं. ईएम, म्हणजे विद्युतचुंबकीय, सर्व्हेत जमिनीखाली विजेची चांगली वाहक पट्टी दिसली होती, तिच्यावरच नेम धरला होता. 196 मीटरला कोअर काळं यायला लागलं. ड्रिलरने हातोडीने नळी ठोकून ते पेटीत उतरवलं, मी उचललं, तर बोटं पेन्सिल उगाळल्यासारखी काळी. वीज वाहते का ते बघायच्या मीटरच्या दोन्ही सुया कोअरवर टेकवल्या आणि मीटर किंचाळला. ग्राफाइट. सलग 18 मीटर ग्राफाइट. तांबं ज्यात असतं त्या सल्फाइडसारखीच, म्हणजे गंधकाच्या खनिजांसारखीच, वीज वाहून नेतं, वरून फरक कळत नाही. सर्व्हे चुकला नव्हता. आम्ही त्यात तांबं वाचलं होतं, एवढंच.

मी पेटीवर खोलीचे आकडे लिहीत राहिले. कोणी काही बोलेना.

मग 231.4 ला ड्रिलरने हाक मारली. पितळी पिवळं. पाणी मारलं, भिंग लावलं, चाकूचं टोक ओढलं. ओरखडा उठला, म्हणजे कडक, बिनतांब्याचं पायराइट नाही, मऊ, तांब्याचं चाल्कोपायराइट. शुद्ध चाल्कोपायराइटमध्येही तांबं साडेचौतीस टक्केच असतं, तेव्हा 4.1 म्हणजे त्या तुकड्यात ते आठवा हिस्सासुद्धा नव्हतं. पण बॅटरीच्या उजेडात ते किती दिसतं, काय सांगू! 231.8 ला संपलं. पुढे 248 पर्यंत करडा, मुका खडक.

मी क्लेमच्या मालकाला फोन लावला. आणखी साठेक मीटरचे पैसे शिल्लक होते. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणाल तसं." मी म्हटलं, थांबवा.

पुढे कितीतरी वर्षं मी सांगत आले की बजेट संपलं होतं. नव्हतं संपलं. मी दमले होते, आणि ग्राफाइटने मला चिडवल्यासारखं वाटत होतं. ते पिवळं दिसल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग.

तेव्हाच्या माझ्याशी मी अजून वाद घालते. आधी ग्रॅव्हिटी सर्व्हे, म्हणजे खालचा खडक जड की हलका ते बघणारा, करायला हवा होता, असं मी तिला म्हणते. ग्राफाइट हलकं, सल्फाइड जड, फरक दिसला असता. ती म्हणते, दोनशे मीटर खालचं लहानसं धूड ग्रॅव्हिटीत दिसलं असतं कशावरून? मग मी म्हणते, निदान भोकात मोजणीचं यंत्र, प्रोब, सोडून आजूबाजूला काय आहे ते बघायचं होतंस. ती म्हणते, एवढ्या ग्राफाइटच्या गोंगाटात काय ऐकू आलं असतं? दोन्ही वेळा तिचं बरोबर असतं, आणि तरी मला ते पटत नाही.

कोणीतरी लगेच कॅनडातल्या किड क्रीक खाणीचं नाव काढतं. 1963 च्या नोव्हेंबरात पहिल्याच भोकाला तांबं-जस्त लागलं होतं ना! लागलं होतं. पण त्या भागावरून विमानाने सर्व्हे 1959 पासून चालले होते, ती चार वर्षं कोणी सांगत नाही. आणि पहिल्याच भोकात सापडलेल्यांच्या गोष्टी होतात, तिसऱ्या भोकात थांबलेल्यांना प्रश्न विचारतात.

क्लेम टिकवायला दर वर्षी ठरावीक काम दाखवावं लागतं. मालकांनी ते केलं नाही, क्लेम गेला. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, याचाही मला त्रासच होतो.

साठ मीटर पुढे काही होतं का? माझा अंदाज, नव्हतं. पण हा अंदाज थांबवणारीचाच आहे, हे धरून चाला.

लॅबला अर्धं कोअर गेलं, उरलेलं अर्धं अजून पेटीत आहे, शेडच्या मागच्या रांगेत. बघायचं असेल तर पाण्याची बाटली घेऊन या. कोरडं असताना तो नुसता करडा दगड दिसतो.