डबलसीट वाळवंटात: वजन, हवा आणि वाळू

डबलसीट वाळवंटात जायचं असेल तर बाइक कोणती यापेक्षा तिच्यावर किती किलो चढतंय हे आधी बघा. दोन माणसं १३० किलो, तंबू, स्लीपिंग बॅगा, कपडे, स्टोव्ह, हत्यारं मिळून २५ ते ३०, वर १० लिटर पाणी. म्हणजे रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ सारख्या दोनशे किलोच्या आसपास वजनाच्या गाडीवर जवळपास तिच्याच तोडीचं ओझं झालं. डांबरी रस्त्यावर ते फारसं जाणवत नाही. वाळूत पहिल्या पन्नास फुटांत जाणवतं.

म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेली वजनाची मर्यादा वाचा आणि बांधलेलं सामान खरोखर काट्यावर ठेवा. जड वस्तू, म्हणजे पाणी, हत्यारं, स्पेअर ट्यूब, सॅडलबॅगेत खाली आणि होईल तितक्या पुढे. तंबू आणि स्लीपिंग बॅगा हलक्या असतात, त्या मागे वर बांधल्या तरी चालतात. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे जड सामान लटकवलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुलायला लागतं. मागच्या शॉकचं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण, वाढवा. चेनचा ढिलेपणा दोघं बसल्यावर तपासा, कारण ओझ्याने मागचा भाग दबला की चेन ताणते. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन ओझ्याखाली घट्ट होऊन बेअरिंग खाते. हेडलाइटही वर जातो, तो खाली करून घ्या.

हे सगळं बांधून झालं की थेट कच्छ गाठू नका. गिरणेच्या किंवा पांझरेच्या कोरड्या पात्रात याच ओझ्यासह एक सकाळ चालवा. खानदेशात राहण्याचा हा मोठा फायदा आहे, सरावाची वाळू घराजवळ मिळते.

रस्त्याबद्दल थोडक्यात. धुळ्याहून साक्री, कोंडाईबारी घाट, नवापूर, सुरत, मग वडोदरा, अहमदाबाद, भचाऊ, भूज. अंतर सुमारे ८०० किलोमीटर, दोन दिवसांत आरामात. कोंडाईबारी उजेडात उतरा, मालट्रक फार असतात. वडोदरा-अहमदाबाद एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, जुना हायवे धरा. कच्छहून पुढे राधनपूर, सांचोर, बाडमेर करत जैसलमेर. हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. जळगाव-भुसावळचा उन्हाळा अंगवळणी पडलेल्या माणसानेही मे महिन्यात थारचं नाव काढू नये.

आता टायर. डांबरी रस्त्यावर दोघांसाठी कंपनीने सांगितलेलीच हवा ठेवा. वाळू लागली की थांबून पुढे-मागे २० पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि वाळूवर तरतो. ट्यूब असलेल्या चाकात १८ च्या खाली जाऊ नका. हवा कमी झाली की टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. यावर साधा उपाय आहे. व्हॉल्व्हवरची नटासारखी चकती रिमला आवळून न ठेवता सैल करून टोपणापर्यंत वर घ्या. मग ट्यूब सरकली तर व्हॉल्व्ह तिरका दिसतो आणि फाटण्याआधी कळतं. डांबरावर परतताच हवा भरायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आणि सोबत पायपंप हवाच.

कच्छात आणि थारमध्ये वेडी बाभूळ सगळीकडे आहे. तिचा काटा टायरमध्ये घुसून बाहेरून सपाट तुटतो, टोक आत राहतं. ट्यूब बदलली आणि टोक तसंच राहिलं तर दहा किलोमीटरवर पुन्हा पंक्चर. हाताने चाचपण्यापेक्षा कापसाचा बोळा टायरच्या आतून गोल फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे काटा. पकडीने आतल्या बाजूला ओढून काढा. स्पेअर ट्यूब एकच नेता येत असेल तर पुढची २१ इंची न्या, वेळ पडली तर ती मागच्या चाकात कोंबून गावापर्यंत पोचता येतं.

वाळूत चालवताना दुसरा गिअर, थ्रॉटल एकसारखा, वजन मागे, नजर लांब. पुढचा ब्रेक विसरा. हँडल थोडं हलणारच, त्याच्याशी झगडू नका. घाबरून थ्रॉटल सोडला की पुढचं चाक रुततं आणि गाडी आडवी होते. खोल वाळूत मागच्याने उतरायचं, यात कमीपणा काही नाही. उलट त्याचं काम तिथेच सुरू होतं: पुढे चालत जाऊन कुठली वाळू घट्ट आहे ते पायाने बघायचं आणि हाताने दिशा दाखवायची. आम्ही दोघं आलटून पालटून चालवतो, त्यामुळे दोन्ही कामं दोघांना येतात. प्रत्येक जोडप्याने हे शिकून घ्यावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

चाक आसापर्यंत रुतलं तर रेस देऊ नका, क्लच जळतो आणि खड्डा वाढतो. इंजिन बंद, सामान उतरवा, गाडी दोघांनी मिळून हळूच आडवी करा, खड्डा पायाने वाळूने भरा, गाडी उभी करा. साइड स्टँडखाली फळकुट ठेवा. चेनला घट्ट ओलं ग्रीस लावून वाळूत शिरू नका, वाळू चिकटून चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही घासले जातात. सुकणारं वॅक्स ल्यूब चालतं. कागदी एअर फिल्टर धुवायचा नसतो, आपटून झाडायचा. एक नवा सोबत ठेवा.

तंबूचे नेहमीचे खुंटे वाळूत धरत नाहीत. छोट्या कापडी पिशव्या वाळूने भरा, दोरी बांधा आणि फूटभर खोल पुरा. रात्री वाळू झपाट्याने गार पडते, जैसलमेरला जानेवारीत पारा पाच अंशांपर्यंत उतरू शकतो, म्हणून अंगाखाली फोमची मॅट आवश्यक. सकाळी बूट झटकूनच घाला, विंचू आणि फुरसं दोन्ही आहेत. सीमेजवळचा भाग असल्याने कुठेही तंबू ठोकू नका. गावात विचारून एखाद्या अंगणात जागा मागा, ओळखपत्रं हाताशी ठेवा.

जेवणाला शेवभाजीसारखं सोयीचं काही नाही. कांदा, सुकं खोबरं, लसूण, आलं आणि काळा मसाला यांचं वाटण घरीच तेल सुटून पाणी पूर्ण आटेपर्यंत परता आणि डब्यात वरून तेलाचा थर ठेवा. थंडीत चार दिवस सहज टिकतं. दोघांना तीन मोठे चमचे वाटण, ६०० मिली पाणी, खळखळून उकळी. १५० ग्रॅम जाड भाजीची शेव अगदी शेवटी, स्टोव्ह बंद करून घाला, नाहीतर तिचा लगदा होतो. सोबत ढाब्यावरून घेतलेला बाजरीचा रोटला. स्टोव्ह तंबूच्या बाहेरच पेटवा. वाऱ्याला आडोसा करा, पण गॅसचं नळकांडं चारही बाजूंनी झाकू नका, ते तापतं.

कच्छच्या पांढऱ्या रणात, म्हणजे मिठाच्या वाळवंटात, मात्र बाइक मिठावर घालूच नका. पावसाळ्यात ते सगळं पाण्याखाली असतं आणि हिवाळ्यात वर कवच वाळलं तरी खाली चिखल राहतो. दोनशे किलोची गाडी त्यात गेली की दोघांच्याने निघत नाही. रणाच्या काठावरच्या धोर्डो गावाकडचा परवाना घ्या, गाडी लावा, पायी जा. खावड्याहून धोळावीराकडे जाणारा डांबरी रस्ता दोन्ही बाजूंनी तेच रण दाखवतो, तो चालवा.

मिठाच्या भागातून निघाल्यावर त्याच संध्याकाळी गाडी गोड्या पाण्याने धुवा. स्पोकच्या निपल, ब्रेक कॅलिपर, चेन आणि साइड स्टँडचा स्विच इथे मीठ बसतं. प्रेशरचा झोत चाकाच्या बेअरिंगवर मारू नका, सील ओलांडून पाणी आत जातं. साधा पाइप आणि मऊ ब्रश पुरे. सुकल्यावर चेनला ल्यूब आणि इलेक्ट्रिकल जोडांना डायइलेक्ट्रिक ग्रीस.