डिस्क जागेवर होत्या, कार्ड यादीत नव्हतं

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा सर्व्हर. डेल पॉवरएज आर७१०, साडेतीन इंची सहा बे (डिस्क बसवायचे कप्पे), सहाही बेमध्ये २ टीबीच्या एसएएस डिस्क, आणि त्या सांभाळणारं पर्क एच७०० कार्ड. स्टॉक आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर सेन्टओएस ७ या लिनक्समध्ये चालायचं. सेन्टओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले, ऑडिटमध्ये त्यावर शेरा आला. नवीन मशीनला पैसे नव्हते, म्हणून याच मशीनवर रॉकी लिनक्स ८ चढवायचं ठरलं. वार अर्थातच रविवार.

डेटा आदल्या रात्री बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला होता. सकाळी रॉकी ८.८ चा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून व्यवस्थित सुरू झाला. भाषा झाली, वेळ झाली, आणि डिस्क निवडायच्या पानावर संदेश आला: एकही डिस्क सापडली नाही, मशीन बंद करा, निदान एक डिस्क जोडा आणि पुन्हा सुरू करा. समोर सहा हिरवे दिवे शांतपणे जळत होते.

मागे उभ्या असलेल्या स्टोअरवाल्या काकांनी लगेच विचारलं, "साहेब, डिस्क उडाल्या का?" आणि पहिल्या बेच्या खटक्याला हात घातला. तो हात वेळीच धरला. इन्स्टॉलरला डिस्क दिसो न दिसो, कार्ड आपलं काम करतच असतं. चालू ॲरेतून (एकत्र बांधलेल्या डिस्कच्या संचातून) डिस्क ओढली की ॲरे डिग्रेडेड, म्हणजे अपुरा, होतो. परत बसवली तर तासन्‌तास रिबिल्ड (त्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) चालतो, नाहीतर कार्ड त्या डिस्कला 'फॉरेन', म्हणजे परकी, म्हणून बाजूला बसवतं. नसलेला बिघाड आपल्याच हातानं तयार होतो.

डिस्क ठीक आहेत की नाहीत हे कार्डालाच विचारायचं. मशीन रीस्टार्ट करून पर्कची ओळ दिसताच कंट्रोल-आर दाबलं. आत एकच डिस्क ग्रुप, रेड ६, सहाही डिस्क ऑनलाइन. सहातल्या दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे डिस्क गेली तर डेटा परत काढायच्या हिशेबाला, जाते, उरतात साधारण ८ टीबी. कार्ड ते सव्वासात टीबीच्या आसपास दाखवतं, कारण ते १०२४ च्या पटीत मोजतं. त्यातले दोन भाग आधीच पाडलेले होते: पहिली व्हर्च्युअल डिस्क (कार्ड सिस्टिमला एक डिस्क म्हणून दाखवतं तो भाग) १०० जीबीची, ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, आणि दुसरी उरलेल्या सगळ्या जागेची, डेटासाठी. दोन्हींसमोर 'ऑप्टिमल'. ही विभागणी ज्यानं केली त्याला मानलं पाहिजे. जुन्या बायॉस बूटमध्ये २ टीबीच्या वरची बूट डिस्क आली की जीपीटी ही नवी पार्टिशन पद्धत घ्यावी लागते आणि १ एमबीचं बायॉसबूट पार्टिशन वेगळं ठेवावं लागतं. ते विसरलं की बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) बसत नाही. १०० जीबीच्या डिस्कला ही भानगडच नाही.

त्याच मेनूत 'क्लिअर कॉन्फिग' आणि 'इनिशिअलाइझ' हे दोन पर्याय असतात. डिस्क दिसत नाही म्हणून "एकदा नव्यानं ॲरे बनवून बघू" असं म्हणत ते दाबणारे लोक आहेत. फास्ट इनिशिअलाइझ दोन सेकंदांत व्हर्च्युअल डिस्कच्या सुरुवातीचा भाग कोरा करतं, म्हणजे पार्टिशन टेबल गेलं. आणि इतकं करूनही डिस्क दिसत नाहीच, कारण दुखणं तिथे नसतं.

पुन्हा इन्स्टॉलर, मग कंट्रोल-ऑल्ट-एफ१, मग कंट्रोल-बी आणि २. ही इन्स्टॉलरची शेल, आज्ञा लिहायची जागा. इथे पहिली आज्ञा 'एलएसपीसीआय -एनएनके', मशीनमधली कार्डं दाखवणारी. कार्डाची ओळ आली: रेड बस कंट्रोलर, एलएसआय मेगारेड एसएएस २१०८, आणि कंसात १०००:००७९, म्हणजे कार्डाचा आयडी, कंपनी आणि मॉडेलची आकडेजोडी. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असायला हवी, ती नव्हती. म्हणजे कार्ड पीसीआय बसवर आहे, कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) ते दिसतंय, पण कुठल्याही ड्रायव्हरनं ते हातात घेतलेलं नाही.

बरेच जण इथे चकतात. ड्रायव्हर चढवणारी 'मॉडप्रोब मेगारेड_एसएएस' ही आज्ञा दिली, कसलीही तक्रार न करता परत आली. 'एलएसमॉड'मध्ये, म्हणजे चढलेल्या ड्रायव्हरांच्या यादीत, मॉड्यूल दिसतो. ड्रायव्हर आहे, लोडही झालाय, तरी डिस्कची यादी देणाऱ्या 'एलएसबीएलके'मध्ये ॲरे नाही. मग माणूस केबल, फर्मवेअर, बायॉस असं भटकायला लागतो.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मे २०१९ मध्ये आलं, तेव्हा जुन्या स्टोरेज कार्डांची एक मोठी यादी आधारातून काढून टाकली गेली. ड्रायव्हरची फाइल तीच राहिली, कारण नवी कार्डंही तीच वापरतात. फक्त जुने आयडी वगळले. मेगारेड_एसएएसमधून गेलेल्यांत १०००:००६० आहे, म्हणजे एसएएस १०७८, ज्यावर पर्क ६/आय बनलंय. १०००:००७३ आहे, ज्यात पर्क एच३१० येतं. आणि आमचं १०००:००७९. त्याच्या पुढच्या पिढीचं एच७१०, १०००:००५बी, ते मात्र ८ मध्ये चालतं. रॉकी हे रेड हॅटचं जसंच्या तसं रूप, त्यामुळे तिथे जे गेलं ते इथेही गेलं. म्हणून ड्रायव्हरचं नाव बघून काहीच कळत नाही. चार-चार आकड्यांची ती जोडी बघायची आणि आपल्या आवृत्तीच्या काढून टाकलेल्या हार्डवेअरच्या यादीत शोधायची. हे काम पेनड्राइव्ह बनवण्याच्या आधीचं. आम्ही ते नंतर केलं, हेही खरं.

मग पर्याय. ॲरे मोडून डिस्क सुट्या द्यायच्या आणि सॉफ्टवेअर रेड करायचं? एच७०० ला सुटी डिस्क जशीच्या तशी पुढे द्यायची सोयच नाही. फार तर एकेक डिस्कचं रेड ० बनवता येतं, पण ते दिसायलाही हाच ड्रायव्हर लागतो. डेबियन १२, म्हणजे वेगळ्या कुळाचं लिनक्स? त्याच्या कर्नलनं हे आयडी काढलेले नाहीत, कार्ड पहिल्याच फटक्यात दिसलं असतं; पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा आधार फक्त रेड हॅट कुळाच्या ८ ला. रॉकीसारख्याच अल्मालिनक्सनं आपल्या ९ च्या मालिकेत ९.४ पासून अशी वगळलेली बरीच कार्डं परत घेतली आहेत. ९ ला एक्स८६-६४-व्ही२ पातळीचा प्रोसेसर लागतो, तो आर७१० मधल्या झिऑनमध्ये आहे. पण इथेही तीच ८ ची अट आडवी आली. ती अट नसती तर मी दुपारी घरी असतो.

कार्ड बदलायचा विचारही झाला. जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात ती एसएएस २००८ चिपची कार्डं, आयटी मोडमध्ये, म्हणजे डिस्क जशाच्या तशा पुढे देण्यासाठी, फ्लॅश केलेली. त्यांचा आयडी १०००:००७२, आणि तोही ८ मधून काढलेल्यांतच आहे, फक्त एमपीटी३एसएएस ड्रायव्हरच्या खात्यात. म्हणजे पैसे घालून पुन्हा त्याच भिंतीवर. चालेल असं कार्ड म्हणजे एसएएस २३०८ चिपचं; पण आयटी मोडच्या कार्डाला पर्कनं बनवलेला ॲरे ॲरे म्हणून दिसत नाही, सहा वेगळ्या डिस्क दिसतात. सगळा डेटा परत ओतावा लागला असता.

राहिला ड्रायव्हर डिस्कचा रस्ता. एलरेपो हा स्वयंसेवकांनी चालवलेला भांडार प्रकल्प अशा वगळलेल्या कार्डांचे ड्रायव्हर बांधून देतो, नेहमीच्या वापरासाठी 'केमॉड' (कर्नल मॉड्यूल) पॅकेज म्हणून आणि इन्स्टॉलसाठी 'डीडी'ने सुरू होणाऱ्या छोट्या आयएसओ फाइल म्हणून. फाइलच्या नावात शेवटी ईएल८_८, ईएल८_१० असं लिहिलेलं असतं. तो भाग तुमच्या इन्स्टॉल मीडियाशी जुळलाच पाहिजे. ८.८ चा कर्नल ४.१८.०-४७७, ८.१० चा ४.१८.०-५५३, दोन्ही ४.१८.० म्हणून "चालेल की" असं वाटतं, भरवसा धरता येत नाही. आमच्याकडे मीडिया ८.८ चं, म्हणून ईएल८_८ ची फाइल घेतली आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली.

बूट मेनूत टॅब दाबून ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'आयएनएसटी.डीडी' लिहायचं (यूईएफआय बूट असेल तर टॅबऐवजी ई). थोड्या वेळानं साध्या अक्षरांत उपकरणांची यादी येते. पेनड्राइव्ह उशिरा लावला असेल तर आर दाबून यादी ताजी करायची. आकड्यानं पार्टिशन निवडायचं, मग त्यातली आयएसओ, मग ड्रायव्हरपुढे खूण, आणि सी दाबून पुढे. खूण न करताच सी दाबलं तर इन्स्टॉलर मुकाट्यानं पुढे जातो आणि डिस्कचं पान पुन्हा कोरं येतं. पेनड्राइव्हच्या पार्टिशनचं लेबल ओईएमडीआरव्ही असेल तर इन्स्टॉलर ते स्वतःहून तपासतो.

या वेळी पानावर दोन डिस्क आल्या. नावं मात्र एसडीए, एसडीबी नव्हती, त्याच्या पुढची होती, कारण कार्ड जागं होण्याआधीच पेनड्राइव्हनी ती अक्षरं पटकावली होती. हातानं इन्स्टॉल करताना आकारावरून ओळखता येतं, १०० जीबी कुठे आणि सात टीबी कुठे. किकस्टार्ट फाइलमध्ये (आपोआप इन्स्टॉलच्या सूचनांमध्ये) आंधळेपणानं एसडीए लिहिलेलं असेल तर घात होतो. तिथे डेव्ह-डिस्क-बाय-आयडी खालचं नाव द्यावं. डेटाच्या डिस्कवरची खूण मी तीनदा काढून पाहिली, म्हणजे ती नाहीच याची खात्री केली.

शेलमधून ड्रायव्हरची फाइल 'इन्समॉड'नं चढवली तरी डिस्क दिसतात आणि इन्स्टॉलही पूर्ण होतं. पण तो ड्रायव्हर फक्त चालू इन्स्टॉलरपुरता असतो, नव्या सिस्टिममध्ये जात नाही. ड्रायव्हर डिस्कनं गेलं तर केमॉड पॅकेज नव्या सिस्टिमवरही बसतं. रीस्टार्टचं बटण दाबायच्या आधी शेलमध्ये 'सीएचरूट /एमएनटी/सिसरूट' करून दोन गोष्टी पाहिल्या: 'आरपीएम -क्यू केमॉड-मेगारेड_एसएएस' काय म्हणतं, आणि 'एलएसइनिटआरडी'च्या, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींच्या, यादीत मेगारेड कुठल्या फोल्डरखाली आहे. 'एक्स्ट्रा' किंवा 'वीक-अपडेट्स'खाली हवा. नुसत्या 'कर्नल/ड्रायव्हर्स/स्कझी'खाली असेल तर तो मूळचा, आमचा आयडी वगळलेला. आमचा 'एक्स्ट्रा'खाली होता. पहिलं बूट सरळ झालं, काकांनी चहा मागवला.

चहा येईपर्यंत मी सगळी पॅकेजं ताजी करणारं 'डीएनएफ अपडेट' मारलं, आणि ही चूक सर्वस्वी माझी. ८.८ वरून सिस्टिम ८.१० वर गेली, नवा ५५३ चा कर्नल आला. एलरेपोचं भांडार जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे केमॉड जुनंच राहिलं. असा केमॉड नव्या कर्नलला चालण्यासारखा असेल तर 'वीक-मॉड्यूल्स' ही स्क्रिप्ट त्याची लिंक 'वीक-अपडेट्स'मध्ये जोडते. त्यासाठी ड्रायव्हरला लागणारी कर्नलची सिम्बॉल्स (कर्नलमधल्या फंक्शनांच्या खुणा) जुळावी लागतात. या वेळी ती जुळली नाहीत, लिंक झाली नाही, आणि नवा इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीच्या फाइलींचा गठ्ठा) वगळलेल्या आयडीच्या मूळ ड्रायव्हरसह बनला. बूट होताना 'ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट'च्या ओळी एकाखाली एक, मग "रूट अस्तित्वात नाही", मग इमर्जन्सी शेल.

ग्रब या बूटलोडरच्या मेनूत खालचा, ४७७ चा कर्नल निवडला, मशीन उठलं. 'एलरेपो-रिलीज' पॅकेज बसवून भांडार जोडलं, केमॉड अपडेट केलं, तो ईएल८_१० चा आला. मग 'वीक-मॉड्यूल्स --ॲड-कर्नल' पुढे ५५३ चं पूर्ण नाव, इनिटरॅमएफएस नव्यानं बनवायला 'ड्रॅकट -एफ --केव्हर' पुढे तेच नाव, आणि पुन्हा 'एलएसइनिटआरडी'. मेगारेड योग्य फोल्डरखाली दिसल्यावरच रीस्टार्ट. चहाचा कप एव्हाना तिसऱ्यांदा गरम करून आणला होता.

डीएनएफ मूळच्या सेटिंगप्रमाणे तीनच कर्नल ठेवतं. नवे येत गेले की जुने पुसले जातात, फक्त मशीन ज्या कर्नलवर चालू आहे तो राहतो. म्हणून डीएनएफच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'एक्सक्लूड=कर्नल*' घालून ठेवलं. कर्नल घ्यायचा तो मुद्दाम, आधी एलरेपोचं केमॉड आलंय का ते पाहून.

शेवटी कार्डाची बॅटरी. 'मेगासीएलआय६४ -एडीपीबीबीयूसीएमडी -गेटबीबीयूस्टेटस -एऑल' दिल्यावर बॅटरी बदला असा शेरा निघाला. बॅटरी नसली की कार्ड राइट-बॅक (आधी कार्डाच्या मेमरीत, मग डिस्कवर) सोडून राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर लिहिण्यावर) येतं. रेड ६ वर छोट्या छोट्या नोंदी लिहिताना ते चांगलंच जाणवतं. महिना-अखेरीला हिशेब सावकाश चालतो ही तक्रार गेल्या वर्षापासून होती म्हणे. डिस्कही एकेक करून 'स्मार्टसीटीएल -ए -डी मेगारेड,०' पासून ५ पर्यंत पाहिल्या. चार नंबरवर मीडिया एरर वाढलेले होते, बाकी स्वच्छ. बॅटरी आणि एक डिस्क अशी दोन वस्तूंची यादी काकांच्या हातात दिली, आणि सर्व्हरच्या झाकणावर कागदी टेपवर मार्करनं लिहिलं: "१०००:००७९. अपडेटआधी केमॉड बघा."